जीआर ८६ ला ट्रॅकसाठी साडेनऊ इंची रिम बसेल का?

सनीव्हेलहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "मागच्या वर्षी टोयोटा जीआर ८६ प्रीमियम घेतली. लागुना सेकाच्या रेसट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायचे दोन ट्रॅक डे झाले. एक जण १८ बाय ९.५, ईटी ३८ ची वापरलेली अलॉय २५५ च्या टायरसकट स्वस्तात देतोय. काका, बसतील का? आणि घेऊ का?"

काका म्हणालास, तर अरे-तुरे करतो. बसतील. घेऊ नकोस. एवढ्यावर तुझं समाधान होणार नाही हे मला ठाऊक आहे, कारण माझंही झालं नव्हतं. नेमकी हीच मापं घेऊन मी एक सबंध सीझन पस्तावलोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कागद-पेन्सिल घे. ईटी म्हणजे ऑफसेट: रिमच्या रुंदीची मध्यरेषा धरली तर हबला (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) टेकणारी पाठ तिच्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे, तो आकडा. तुझी कंपनीची रिम १८ बाय ७.५ (व्यास आणि रुंदी, इंचांत), ईटी ४८. साडेसात इंच म्हणजे १९०.५ मिलिमीटर, त्याचे अर्धे ९५.२५. त्यात ४८ मिळवले की आतली कड हबच्या तोंडापासून सुमारे १४३ मिलिमीटर आत येते. ४८ वजा केले की बाहेरची कड ४७ मिलिमीटर बाहेर. आता तुला मिळतेय ती रिम घे. साडेनऊ इंच म्हणजे २४१.३, अर्धे १२०.६५. आत १५८.६५, बाहेर ८२.६५. म्हणजे आतल्या अंगाला रिम १५ मिलिमीटर स्ट्रटकडे (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा खांब) सरकली आणि बाहेरच्या अंगाला तब्बल ३५ मिलिमीटर मडगार्डकडे. आमच्या भोसरीच्या भाषेत अकरा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). जिथे दोन सूत जागा असली तरी माणूस खूश होतो, तिथे अकरा सूत बाहेर.

ऑफसेट कमी झाला की चाक बाहेर जातं आणि रुंदी वाढली की दोन्हीकडे पसरतं. रुंदीची वाढ दिसते, ऑफसेटची दिसत नाही, म्हणून लोक फसतात. "ईटी ३८ नि ईटी ४८, दहाचा तर फरक" असं म्हणतात आणि रुंदीतला अर्धा वाटा त्यात मिळवायचा विसरतात.

माझी पहिली गाडी म्हणजे तुझ्या गाडीची थोरली बहीण, सायन एफआर-एस. तिला १७ बाय ७, ईटी ४८ असायची. मी थेट ९.५ ईटी ३८ वर उडी मारली, म्हणजे बाहेरची कड जवळजवळ ४२ मिलिमीटर पुढे. पार्किंगमध्ये काय देखणी दिसायची! स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं, कुठे काही घासत नव्हतं. लागुनाला पहिली दोन सत्रं मी सांभाळून चालवली, तेव्हाही काही झालं नाही. तिसऱ्या सत्रात जरा हात मोकळा सोडला आणि सहाव्या वळणावर उजव्या पुढच्या कोपऱ्यातून कुणी जाड कापड फाडावं तसा आवाज आला. तू तिथे दोनदा जाऊन आलायस, तुला आठवेल: सहावं वळण डावं, वेगाचं, आणि मधोमध रस्ता बशीसारखा खाली जाऊन लगेच कॉर्कस्क्रू या प्रसिद्ध वळणाच्या दिशेनं वर चढतो. लागुना घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरतं, त्यामुळे सगळा भार उजव्या चाकांवर. त्या खळग्यात स्प्रिंग पार दबली, आणि टायरच्या खांद्यानं मडगार्डची आतली घडी गाठली.

पॅडॉकमध्ये (ट्रॅकबाहेर गाड्या उभ्या करायच्या जागी) येऊन पाहिलं तर टायरच्या बाहेरच्या खांद्यावर करंगळी बसेल एवढी गोल खाच, सबंध घेराला. मडगार्डच्या कडेला बंपर जिथे स्क्रूनं धरलेला असतो त्या पट्टीनं ती कोरली होती. आत वायर दिसत नव्हती एवढंच नशीब. उरलेला दिवस मी इतरांच्या गाड्यांचे फोटो काढले आणि संध्याकाळी नव्वद मैल उजव्या लेननं घरी आलो. गाडी उभी असताना मोजलेली जागा ही जागाच नव्हे, हे त्या दिवशी दोन महागड्या टायरांच्या किमतीत शिकलो. दोन अशासाठी की पुढच्या जोडीतला एकच बदलून भागत नाही.

म्हणून माझा क्रम उलटा आहे. आधी टायर ठरव, टायरवरून रिमची रुंदी काढ, मग तुझ्या गाडीत मोजून ऑफसेट. बहुतेक लोक आधी रिमच्या प्रेमात पडतात आणि मग तिला टायर नि गाडी शोधतात.

टायरचं बघ. १३०० किलोच्या आतबाहेरच्या गाडीला किती रबर लागतं? २०१२ च्या पहिल्या ८६ ला टोयोटानं मुद्दाम २१५ रुंदीचे मिशलिन प्रायमसी दिले होते, प्रियसच्या पंगतीतले. गाडी कमी वेगातही सरकावी, चालवणाऱ्याला ते सरकणं हाताला कळावं, हा हेतू. तुझ्या प्रीमियमला २१५/४० आर १८ पायलट स्पोर्ट ४ येतात, ते बरेच चांगले, पण मुळात रस्त्याचेच. इथून पुढचा सगळ्यात मोठा फायदा रुंदीत नाही, रबराच्या जातीत आहे. २०० ट्रेडवेअरचा (झिजण्याचा आकडा, जितका कमी तितकं रबर सहसा मऊ) चिकट टायर तुझ्या आहे त्या रिमवर २२५/४० मापात चढव. साडेसातची रिम त्याला चालते, जेमतेम पण नियमात. एवढ्यानंच तुला गाडी बदलल्यासारखी वाटेल.

मग रुंद रिम कशाला? कारण अरुंद रिमवरचा टायर वळणात बाहेरच्या बाजूला लवंडतो. टायरची भिंत आणि रिमची कड सरळ रेषेत नसेल तर भार आला की भिंत दुमडते, बाहेरचा खांदा जमिनीवर घासला जातो आणि मधलं रबर नुसतं सोबत येतं. दोन ट्रॅक डेनंतर तुझ्या पुढच्या टायरचे बाहेरचे खांदे बघ, गोल झाले असतील. रिम रुंद केली की तोच टायर ताठ उभा राहतो, स्टिअरिंगला लगेच उत्तर देतो आणि खांदा वाचतो. रुंद टायरनं जमिनीवरचा ठसा खूप मोठा होतो असा एक गैरसमज आहे. ठशाचं क्षेत्रफळ मुख्यतः वजनावर आणि हवेच्या दाबावर ठरतं. रुंद टायरचा ठसा आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. वळणात ते उपयोगी पडतं, शिवाय उष्णता जास्त रबरात वाटली जाते. पण हीच गोष्ट हलक्या गाडीत उलटूही शकते. फार रुंद टायर घेतलास तर तो तापतच नाही, आणि थंड चिकट टायर म्हणजे थंड बुंदी: दिसायला तीच, चव वेगळी. हिवाळ्यातल्या सकाळी पहिल्या सत्रात २५५ वर मी जेवढा घसरलो तेवढा जुन्या २१५ वरही घसरलो नसेन.

माझ्या मते तुझ्या गाडीला २४५ हे पुरेसं माप आहे आणि ते १७ इंचात घ्यावं. आकडे बघ: पहिला टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिमचा व्यास इंचांत. २१५/४० आर १८ ची भिंत ८६ मिलिमीटर, पूर्ण व्यास ६२९. २४५/४० आर १७ ची भिंत ९८, व्यास ६२८. म्हणजे स्पीडोमीटर, गिअरिंग, मडगार्डमधली उंची, सगळं जिथल्या तिथे. तुला मिळणारा २५५/३५ आर १८ म्हणजे ६३६, तेवढाच वर घुसणार. १७ मध्ये भिंत जाड मिळते, कर्बवर चाक चढलं तर रिम वाचते, आणि त्याच जातीचा टायर १८ पेक्षा बहुधा स्वस्त पडतो. ट्रॅकवर रिम एकदा घ्यायची असते, टायर दर काही महिन्यांनी. पाकीट कशानं रिकामं होणार ते आत्ताच बघून ठेव. साध्या जीआर ८६ ला कंपनीचीच १७ ची रिम येते, त्यामुळे मूळ ब्रेकवर १७ बसते. मोठे ब्रेक घातले असतील तर मात्र कॅलिपरचा पुठ्ठ्याचा साचा करून रिमच्या आत फिरवून बघायला हवा. रिमचे काटे (आरे) आतून कुठे वळतात त्यावर सगळं अवलंबून.

२४५ ला रिम नऊ इंच. ऑफसेट ४२ च्या आसपास. पुन्हा तोच हिशेब: आत १५६.३, बाहेर ७२.३. मूळपेक्षा आत १३ मिलिमीटर, बाहेर २५. तुझ्या त्या स्वस्त रिमपेक्षा दहा मिलिमीटर कमी बाहेर, आणि हेच दहा मिलिमीटर पुढे सगळं ठरवतात. चारही चाकं एकाच मापाची घे. मागे रुंद, पुढे अरुंद हा प्रकार या गाडीला नको, तिचं पुढचं टोक तसंच आधी सुटतं. सारखी असली म्हणजे पुढची-मागची अदलाबदलही करता येते.

आता मोजमाप. लोक ज्याला कंटाळतात तेच हे काम, त्यामुळे इथे थांबतो.

आत आणि बाहेर या दोन जागांचे नियम वेगळे आहेत. आतल्या बाजूला टायरचा शेजारी स्ट्रट. पुढच्या सस्पेन्शनमध्ये स्ट्रट आणि नकल (हब धरणारा तुकडा) एकमेकांना बोल्टनं जखडलेले, त्यामुळे चाक वर गेलं, खाली गेलं, वळलं, तरी टायर आणि स्ट्रटमधलं अंतर फारसं बदलत नाही. तिथे पाच मिलिमीटर मोकळे असले की मी झोपतो. पेन्सिल आडवी सरकली पाहिजे, एवढी साधी कसोटी. बाहेरच्या बाजूला मात्र सगळंच हलतं. चाक वर येतं, वळतं, टायर भारानं फुगतो, रबरी बुश दबतात. तिथलं मोजमाप स्प्रिंग पूर्ण दबलेली असतानाच खरं.

ते घरी कसं करायचं? गाडी दोन्ही बाजूंनी स्टँडवर घेऊन एक चाक खालून जॅकनं उचललं तर स्प्रिंग दबण्याआधी गाडीच स्टँडवरून उठते, तो खेळ करू नकोस. नीट पद्धत म्हणजे स्ट्रट काढून, स्प्रिंग बाजूला ठेवून, नुसता दांडा परत बसवायचा आणि चाक जॅकनं हळूहळू बंपस्टॉपपर्यंत (चाक वर जाण्याची शेवटची हद्द) वर न्यायचं, अँटीरोल बारची लिंक सोडवून. एवढं जमत नसेल तर माती. मुलांची खेळायची मऊ माती मिळते, तिचे लिंबाएवढे गोळे मडगार्डच्या आतल्या घडीवर, लायनरवर आणि त्या बंपरच्या पट्टीवर चिकटव. मग ओळखीच्या रस्त्यावर जरा जोरात एखादा खड्डा घे, येऊन गोळे बघ. मी पहिल्यांदा गणपतीच्या कार्यशाळेतून उरलेली शाडू वापरली होती. ती वाळून रस्त्यातच पडली आणि घरी बोलणी खावी लागली ते वेगळं. गोळा तीन मिलिमीटरपर्यंत चपटा झाला असेल तर ट्रॅकवर घासणार हे धरून चाल. टायर सगळे सारखे नसतात हेही लक्षात ठेव. एकाच २४५ आकड्याचे दोन कंपन्यांचे टायर शेजारी ठेवलेस तर रुंदीत फरक दिसतो. योकोहामाचा ए०५२ लिहिलेल्यापेक्षा रुंद भरतो हे ट्रॅकवरच्या प्रत्येकाला माहीत आहे. शिवाय रिम अर्धा इंच रुंद केली की टायर साधारण पाच मिलिमीटर फुगतो. तेव्हा "माझ्या मित्राच्या गाडीत बसलं" हे वाक्य कितीही प्रेमानं सांगितलेलं असलं तरी ते मित्राच्या टायरपुरतंच खरं.

पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगला पॅडॉकमध्ये लायनरला थोडं घासलं तर मी लक्ष देत नाही. प्लास्टिक आहे, हीट गननं मागे ढकलता येतं. धातूला घासणं मात्र एकदाही चालणार नाही.

कॅम्बरचा, म्हणजे चाकाच्या झुकावाचा (उणे म्हणजे वरचं टोक आत), यात मोठा हात आहे. मूळ गाडीत पुढे कॅम्बर जवळपास शून्य. ट्रॅकला मला उणे अडीच ते तीन अंश लागतो, नाहीतर तुझा नवा रुंद टायरही बाहेरच्याच खांद्यावर संपेल. तो दोन जागांनी मिळतो आणि दोन्हींचा जागेवरचा परिणाम अगदी निराळा. खाली नकलच्या बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट घातलास तर चाक स्ट्रटच्या मानानं झुकतं, म्हणजे टायरचा वरचा भाग स्ट्रटच्या जवळ येतो: बाहेर जागा झाली, आत गेली. वरच्या कॅम्बर प्लेटनं स्ट्रट नि चाक दोन्ही एकत्र झुकतात. आतलं अंतर आहे तसं राहतं आणि बाहेर मडगार्डपाशी जागा होते. म्हणून रुंद चाकाबरोबर कॅम्बर प्लेट. बोल्टनं काम भागतं, पण मग ते आतले पाच मिलिमीटर पुन्हा मोजायचे. हे न करता बाहेर घासतंय म्हणून कॅम्बर बोल्ट फिरवला आणि आत स्ट्रटला टायर टेकला, असे आगीतून फुफाट्यात गेलेले दोघे तरी मी पाहिलेत.

हबच्या भोकाकडे येतो, कारण लेथवर दोन वर्षं उभा राहिलेला माणूस यावर न बोलता राहू शकत नाही. तुझ्या हबची मधली कॉलर ५६.१ मिलिमीटर. बाजारातल्या बऱ्याच रिमना भोक ७३.१ चं असतं, म्हणजे अनेक गाड्यांना एकच रिम खपवता येते. मधली फट भरायला रिंग घालतात. ती प्लास्टिकची बहुधा फुकट मिळते आणि रस्त्यावर वर्षानुवर्षं टिकते. ट्रॅकवर ब्रेक डिस्कची उष्णता हबमधून येते आणि ती मऊ पडते. मी एका मित्राची रिंग काढली तेव्हा ती चघळलेल्या सुपारीसारखी दिसत होती. त्याला वाटत होतं चाकाचं बॅलन्सिंग गेलंय. ॲल्युमिनियमची रिंग घे. घालताना हातानं दाबून बसली पाहिजे, आणि हबला ग्रीसचं अगदी पुसट बोट लाव, नाहीतर पुढच्या वेळी चाक निघणार नाही. पाच बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर. ११४.३ ची रिम अडॅप्टर लावून बसवतो म्हणणारा कुणी भेटला तर नमस्कार कर आणि पुढे चालू लाग.

नट १२ मिलिमीटरचे, १.२५ पिचचे, आणि बाहेरच्या बहुतेक रिमना ६० अंशांचा शंकू लागतो. गोल बसकीचा नट शंकूच्या खड्ड्यात घातला तर तो कडेला नुसता रेघेवर टेकतो, घट्ट वाटतो आणि दोन सत्रांत सैल होतो. नट हातानं किमान नऊ फेरे चढला पाहिजे. त्याहून कमी चढत असेल तर स्टड आखूड पडतायत. स्पेसर घालून ऑफसेटची चूक निस्तरू बघणाऱ्यांचं नेमकं इथेच अडतं. टॉर्क १२० न्यूटन मीटर, चाक हवेत असताना चांदणीच्या क्रमानं हलके, मग खाली टेकवून टॉर्क रेंचनं. इम्पॅक्ट गननं आवळलेला नट मी आवळलेला मानत नाही. नवी रिम पहिल्या वेळी बसवली की रंग दबतो, त्यामुळे पहिल्या सत्रानंतर चाकं निवली की पुन्हा एकदा रेंच लाव. एखादा नट पाव फेरा सरकतोच.

वजनासाठी सामान मोजायचा तो हुकाचा काटा काढ, विमानतळावर तेवीस किलो चुकवायला घेतलेला. प्रत्येकाच्या घरी असतो. जुनं चाक टायरसकट लटकव, नवंही लटकव. रुंद चाक टायरसकट जुन्याहून दोन किलोनं जड निघालं तर तू चिकटपणा घेतलास आणि चपळाई दिलीस. म्हणून ओतीव रिमपेक्षा फ्लो-फॉर्म्ड घे. तिचा घेर तापवून रोलरखाली पातळ आणि घट्ट केलेला असतो, किंमतही आवाक्यात. फोर्ज्ड उत्तमच, पण पहिल्या वर्षी कर्बवर चढणार आहेस, जरा दम धर. रिमच्या पाठीमागे जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए या खुणा शोध. जपानी मानकाप्रमाणे वाकवण्याचा थकवा, घेरावरचा भार आणि तिरका आघात अशा तीन चाचण्यांतून ती रिम गेलीय असा त्याचा अर्थ. असल्या चाचण्या पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेतही होतात. नुसती ओळखीच्या आकाराची नक्कल आणि पाठीवर काहीच नाही, अशी रिम मी दारात कुंडी ठेवायलाही घेणार नाही.

चिकट टायर लागले की गाडीचा जो भाग कच्चा असेल तो पुढे येतो. तुझ्या २.४ लिटर बॉक्सर इंजिनाबद्दल मालकांनी ऑइल प्रेशर नोंदवून दाखवलंय की लांब उजव्या वळणात, बाजूचा जोर वाढला की, दाब खाली येतो. सम्पमधलं (इंजिनाखालच्या टाकीतलं) ऑइल एका अंगाला जातं. लागुनाला बरीच वळणं डावी आहेत, तिथे तुला फारसं कळणार नाही. विलो स्प्रिंग्जच्या ट्रॅकला गेलास तर दुसरं वळण हे लांबच लांब उजवं, तिथे जपून. ऑइल वरच्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नकोस, प्रेशरचा मीटर बसव, आणि २५५ च्या नादाला न लागण्याचं हे आणखी एक कारण समज. ब्रेक ऑइल आणि ट्रॅकचे पॅड रिमच्या आधी घे. टायर जास्त धरतो म्हणजे तू जास्त जोरात ब्रेक मारणार, आणि सगळी उष्णता तिथेच जाणार. व्हील बेअरिंगही लवकर आवाज करू लागेल, ते खर्चात धर.

स्टिअरिंगही बदलेल. ईटी ४८ वरून ४२ म्हणजे चाकाचा मध्य सहा मिलिमीटर बाहेर, त्यामुळे रस्त्यावरच्या खाचा हाताला जास्त लागतील, कर्बवर झटका बसेल. दहा मिलिमीटरला तो त्रास होतो, सहाला सवय होते. अलाइनमेंट चाकं बसवल्यावर कर, आधी नको. पुढे टो शून्य, म्हणजे वरून पाहता दोन्ही चाकं समांतर. टायरचा दाब गरम असताना ३३ ते ३५ पीएसआयला आण आणि सत्र संपल्या संपल्या, टायर निवायच्या आत मोज. प्रत्येक वेळी वहीत लिही.

ही चाकं फक्त ट्रॅकवर घाल. २०० चे टायर रोज ऑफिसला नेलेस तर दोन पावसांत पस्तावशील. मागची सीट पाडली की चार चाकं आत राहावीत असा विचार ही गाडी आखतानाच झालेला आहे. माझे २४५ चारही मावतात, फक्त जॅक पुढच्या सीटखाली पायांशी घ्यावा लागतो. घरची मंडळी सोबत येणार असतील तर मात्र प्रश्न आहे. विम्याचा कागदही एकदा वाच, ट्रॅकवरचं नुकसान बहुतेक पॉलिसींत बसत नाही.

भारतातून वाचणाऱ्यांपैकी कुणी पोर्श किंवा मिनी घेऊन कोईमतूरच्या कारी ट्रॅकला किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकला जात असेल, त्यांनाही हिशेब हाच. फक्त तिथे मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मूळ बांधणीत बदल चालणार नाही असं स्पष्ट म्हटलंय. तेव्हा रुंद चाकं टेम्पोतून किंवा डिकीतून न्यावीत आणि ट्रॅकवरच चढवावीत.

आता तुझ्या त्या विक्रेत्याचं. एवढं वाचूनही तुझं मन तिथेच अडकलं असेल, कारण स्वस्त आहे. मग निदान पैसे देण्याआधी त्याच्याकडून रिमच्या पाठीचे फोटो मागव, पुढचे नकोत. आतला घेर आणि काटे जिथे मधल्या भागाला मिळतात तो कोपरा. रिम ताज्या पावडर कोटिंगची असेल तर जास्त सावध हो. एक तर जाड रंगाखाली तडा लपतो, दुसरं म्हणजे भट्टीच्या उष्णतेनं मूळ हीट ट्रीटमेंटला धक्का बसू शकतो. शक्य असेल तर टायर उतरवून बॅलन्सरवर नुसती रिम फिरवायला सांग आणि कडेला पेन्सिल धर.

मी एकदा दुसऱ्यानं वापरलेला चार रिमचा संच घेतला होता, वरून चकाचक. सवयीनं घरासमोरच्या उतारावर डाय पेनिट्रंट मारलं, कारखान्यात वेल्डिंग तपासायचो तेच. लाल रंग लावला, दहा मिनिटं थांबलो, पुसून घेतला, वर पांढरी पूड फवारली. तीन रिम पांढऱ्याशुभ्र राहिल्या. चौथीच्या एका काट्याच्या मुळाशी केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटली, बघता बघता नखाएवढी लांब झाली. ती रिम आजही माझ्या गॅरेजमध्ये भिंतीला टांगलेली आहे. तुझा विक्रेता पाठीचे फोटो पाठवायला का-कू करायला लागला, तर शनिवारी इकडे येऊन ती रेघ बघून जा. येताना तुझं एक मूळ चाक आण, काट्यावर तोलू.